आतोबांची पृथ्वी

पृथ्वीची जेवढी काळजी माझ्या आतोबांनी वाहिली, तेवढी ती डोक्यावर घेऊन बसलेल्या शेषानंसुद्धा वाहिली नसेल. शेषाला निदान एवढं ठाऊक आहे, की आपण फणा हलवला नाही म्हणजे झालं. आतोबांना तेवढी निश्चिंती कधीच लाभली नाही. जगात कुणीतरी, कुठंतरी, या घटकेला पेरूची राजधानी चुकीची सांगत असेल, या विचारानं ते जेवता जेवता थांबत आणि ताटाकडं असे टक लावून बघत, की वाढणाऱ्या आतेला वाटे, भातात खडा लागला.

आतोबा म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी हिशेबखात्यात अधिकारी, बदली होऊन जयपूरला आलेले. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. शाळा सुटली ती सुटलीच. आतेनं मला कऱ्हाडजवळच्या आमच्या गावाहून जयपूरला बोलावून घेतलं आणि आतोबांनी किशनपोल बाजारातल्या एका मराठी डॉक्टरांच्या दवाखान्यात मला कंपाउंडरच्या हाताखाली चिकटवून दिलं. "शिक्षण बेताचं आहे, पण बाटल्या फोडणार नाही," एवढीच माझी शिफारस. त्या दिवसापासून मी आतोबांचा इतका ऋणी होतो, की त्यांच्या पंक्तीला बसून ताक पिताना आवाज होईल म्हणूनसुद्धा जीव धास्तावे. हे लोक कधीतरी म्हणतील, बाळ, आता तू परत जा. मग परत जाऊन करायचं काय? ही धास्ती घेऊनच मी झोपत होतो आणि उठत होतो. आणि त्यात भर म्हणजे त्या घरात भात प्रश्नाबरोबर यायचा.

म्हणजे पोळ्या, भाजी, कोशिंबीर हे सगळं सुखानं खावं. पोळीपर्यंत माणूस पाहुणा. पण आते भाताचं पातेलं घेऊन आली, की आतोबा डावा हात वर करत, भात जागच्या जागी थांबे, आणि प्रश्न येई. "इक्वेडोर. राजधानी?" उत्तर आलं तर मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. नाही आलं तरी भात मिळे, उपाशी कुणाला ठेवलं नाही त्यांनी. पण तूप वाढताना ते अशा दुःखानं मान हलवत, की ते तूप घशाखाली उतरत नसे. पाहुण्यालाही सुटका नव्हती. एकदा पाण्याचा नळ दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला आतेनं आग्रहानं जेवायला बसवलं. भाताच्या वेळी त्याला तुर्कस्तान कुठं आहे ते विचारलं गेलं. तो बिचारा उठूनच उभा राहिला. "बाबूजी, मैं तो यहीं था, मैं कहीं नहीं गया," असं शपथेवर सांगू लागला.

आते या सगळ्याला पुरून उरली होती. आतोबा ताटातच नकाशे मांडत. वाटी म्हणजे सिलोन, लिंबाची फोड म्हणजे मादागास्कर, आणि आतेची पोळी म्हणजे बिघडलेला कुठलातरी खंड. "आज ऑस्ट्रेलिया केलायस," ते म्हणत. "गोल पाहिजे असेल तर तुमचा तो गोल खा," ती तव्यावरूनच उत्तर देई.

तो गोल म्हणजे पत्र्याची पृथ्वी. जयपूर सोडून विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानातून ती कबाड्याकडं आली आणि कबाड्याकडून आतोबांच्या बैठकीत. हात धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही असा दंडक होता. त्या वर्षांत आफ्रिकेतले देश भराभर स्वतंत्र होत होते. वर्तमानपत्रात बातमी आली, की आतोबा बारीक कुंचला घेऊन बसत, तेवढ्यापुरता जुना तांबडा रंग झाकत आणि नवं नाव लिहीत. त्यांना आनंद होई आणि मला घाम फुटे, कारण काल पाठ केलेलं नाव आज उरलेलं नसे. स्वातंत्र्याची चळवळ सुरू असलेल्या प्रत्येक देशाबद्दल मला मनापासून सहानुभूती होती. फक्त माझं जेवण होईपर्यंत त्यांनी थांबावं असं वाटे.

गोलाच्या मागच्या भिंतीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा होता, रेल्वेच्या काळ्या रेघांसकट. आल्या आल्याच माझी पहिली परीक्षा झाली ती या दोहोंच्या मध्ये उभं करून. "तुझं गाव इथून किती लांब?" मी घाबरून गोलावर बोटानं माप घेतलं आणि म्हणालो, "एवढंसंच." आतोबांचा चेहरा पडला. "गोलावर बोटानं अंतर मोजणारा माणूस आणि घड्याळात बघून पाऊस सांगणारा माणूस, दोघं एकाच लायकीचे. दोरा आण." मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर माझ्या हातानं दोरा धरवला, जयपूरपासून निघून वाकड्यातिकड्या रेघेनं कऱ्हाडपर्यंत. तो दोरा संपेचना. आईला आपण किती लांब टाकून आलोय ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्या दिवशी भात मी होऊनच नको म्हटलं.  दोऱ्याचं रीळ आतेच्या डब्यात परत ठेवायला आतोबा स्वतः गेले, एवढं मला आठवतं.

अज्ञान हा त्यांच्या मते माणसाचा खरा धर्म होता. देशादेशांत फरक पडतो तो फक्त पंथाचा. सुट्टीच्या दिवशी ते मला घेऊन हवामहालाशी नाहीतर आमेरला जात, आणि हत्तीवरून उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांना गाठत. मी जरा अंतर ठेवून उभा राही, म्हणजे पोलीस आलाच तर आतेला निरोप द्यायला कुणीतरी असावं. अमेरिकन माणूस, आतोबा सांगत, ठाम आवाजात चूक सांगतो. इंग्रज चूक सांगतो आणि वर आपल्यालाच विचारतो, तुम्ही हे नाव कधी बदललंत? जर्मन बरोबर सांगतो आणि मग उलट आपली परीक्षा घेतो. त्याच्या वाटेला जाऊ नये. जपानी माणूस कशालाही हो म्हणून कमरेत वाकतो. त्याला नापास करायला हात धजत नाही. आपल्या माणसांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. मद्राशाला विंध्याच्या वर सगळी दिल्ली, पंजाब्याला विंध्याच्या खाली सगळं मद्रास, आणि मराठी माणसाला सह्याद्रीच्या पलीकडं एकटी काशी ठाऊक, तीही वडिलांच्या अस्थी न्यायच्या म्हणून.

एकदा आमेरला एका अमेरिकन जोडप्याला त्यांनी हिंदुस्थानची राजधानी विचारली. बाई म्हणाली, मुंबई. नवरा हसला आणि बायकोची चूक दुरुस्त करत म्हणाला, कलकत्ता. आतोबांना इतका आनंद झाला, की त्यांनी दोघांना शेंगदाणे घेऊन दिले. ती बाई भली होती. शेंगदाणे खाता खाता तिनं सहज विचारलं, "हा समोरचा रस्ता कुठं जातो हो?" आतोबा त्या रस्त्याकडं बघतच राहिले. ज्या टांग्यातून आम्ही त्याच रस्त्यानं आलो होतो, तो टांगेवाला शेजारी उभा राहून हसत होता.

कारण सांगायचं राहिलंच, आतोबांना रस्ते कळत नसत. जयपूरची जुनी वस्ती म्हणजे पाटीवर पट्टीनं आखल्यासारखी. सरळ रस्ते, काटकोनात चौक. मुद्दाम ठरवलं तरी तिथं चुकणं अवघड. आतोबा रोज चुकत. चांदपोलातल्या आमच्या घरून सांगानेर दरवाज्याकडं भाजी आणायला निघालेले आतोबा एकदा बसमध्ये बसून पार आग्र्याच्या वाटेवर बस्सीला जाऊन पोचले. तिन्हीसांजेला परत आले ते पिशवीत बस्सीची वांगी घेऊन. "वांगी चांगली आहेत," एवढंच म्हणाले. आतेनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी भाताच्या वेळी डावा हात वर आला नाही.

आमचे घरमालक शेठजी खाली राहत. त्यांच्या लेखी मराठी माणूस म्हणजे मुंबईचा. "आप लोग तो बम्बई के ठहरे," ते भेटेल त्या दिवशी म्हणत.

"बम्बई नहीं, शेठजी, कऱ्हाड," आतोबा प्रत्येक वेळी तितक्याच तळमळीनं सांगत. "सातारा जिला. दो नदियों का संगम है."

"हाँ हाँ, वही. बम्बई."

अशी वर्षं गेली, दोघंही थकले नाहीत. आणि तिकडं आमच्या गावात जयपूर म्हणजे मारवाड, आणि मारवाड म्हणजे वाळू. आई मला भेटली की विचारे, "कामाला उंटावरनं जातोस, का चालत?" मी चालत म्हटलं की ती हळहळे. एवढ्या वाळूतनं!

माझं लग्न अडलं ते याच वाळूत. आईनं पाटणकडची एक मुलगी बघून ठेवली होती. मुलीच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, माणूस साधा, सरळ. मी गावी गेलो असताना मुलीला बघून आलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर दवाखान्यात औषधाच्या बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवताना माझं लक्ष ठिकाणावर नसे. मुलीची हरकत नव्हती, आईची घाई होती. पण वडिलांनी निरोप धाडला: मुलगा बरा आहे, गाव लांब आहे, मी स्वतः येऊन बघीन, मग बोलीन. ते नाही म्हणाले तर आमच्या ओळखीत एवढ्या लांब लेक देणारं दुसरं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि आतेलाही.

"ते येतील तेव्हा त्यांना एक प्रश्न विचारलात," आते आतोबांना म्हणाली, "तर मी माहेरी निघून जाईन."

"तुझं माहेर कुठल्या अक्षांशावर आहे?" आतोबा म्हणाले. आते हसली नाही. मग तेही गंभीर झाले आणि म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'वर माझा काडीचा विश्वास नव्हता. पाहुणे यायच्या दिवशी मी पहाटेपासून घरभर येरझारा घालत होतो. बैठकीत शिरलो आणि थबकलो. भिंतीवरचा हिंदुस्थानचा मोठा नकाशा नव्हता. त्याच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन. मला वाटलं, आतेनंच धाकानं उतरवायला लावला. विचारायची हिंमत झाली नाही.

पाहुणे टांग्यातून उतरले ते घामानं आणि कोळशाच्या कणांनी काळवंडलेले. बरोबर पाण्याचा भरलेला मोठा तांब्या. गावाहून आणलेला, थेंबभरही न सांडता. "म्हनलं, इकडं पानी भेटंल न भेटंल," ते ओशाळून म्हणाले. आतेनं त्यांना नळ सोडून दाखवला. त्यांनी त्याखाली हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. मग गच्चीवर जाऊन वाळू शोधली. तलवारी घेतलेले रजपूत रस्त्यावर दिसेनात तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि जरा वाईटही. खाली शेठजी भेटले. "बम्बई से आये?" त्यांनी विचारलं. आतोबांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला. पण ते गप्प राहिले.

जेवायला बसलो. पोळ्या झाल्या. आते भाताचं पातेलं घेऊन आली आणि सवयीनं थांबली. मी मान खाली घातली. आतोबांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी तो खाली नेऊन मांडीखाली दाबून धरला. "वाढ," ते म्हणाले. आतेनं मूद वाढली, वरण वाढलं. पाहुणे भात कालवत राहिले. एकदा कालवला, पुन्हा कालवला, घास काही घेईनात.

"सायेब," शेवटी ते म्हणाले, "एक इचारू? ऱ्हाग मानू नका. ह्ये गाव आमच्या गावापास्नं न्येमकं कुठं आलं म्हनायचं?"

 आयुष्यभर आतोबांनी जगाला विचारलं होतं. एखादं गाव कुठं आलं, हे जाणून घ्यायला म्हणून त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई, त्याचं आसं हाय," पाहुणे घाईनं सांगू लागले, "आमची थोरली अक्का झाशीकडं दिली. आई गेली, तार केली, पन अक्का आली तवा तेरावं उरकल्यालं. दारात उभी ऱ्हायली, आत येईना. म्हनाली, आता आत कुनाला भेटू? तवापास्नं लांब म्हनलं की पोटात गोळा येतो बगा. मला दुसरं काय कळत न्हाई."

मला दोरा आठवला. न संपणारा. आता नकाशा निघणार, दोरा निघणार, आणि माझं सगळं संपणार.

"गोल दे," आतोबा आतेला म्हणाले.

पानावरून न उठता, उष्ट्या हातानं, त्यांनी ती पृथ्वी मांडीवर घेतली. हात धुतल्याशिवाय जिला कुणी शिवायचं नाही, ती. फिरवली, थांबवली, आणि वरणभातानं माखलेलं बोट हिंदुस्थानवर टेकवलं.

"हे बघा. एका बोटाखाली दोन्ही गावं झाकली. तुमचं पाटण इथं, जयपूर इथं. आता ही एवढी थोरली पृथ्वी बघा सगळीकडून, आणि मला सांगा, याला लांब म्हणायचं?"

पाहुण्यांनी डोकं पुढं घातलं. पृथ्वी सगळीकडून फिरवून बघितली. "मग गाडीत दोन रात्री का गेल्या वो?"

"गाड्या बदलाव्या लागतात," आतोबा शांतपणे म्हणाले. "इकडचे रूळ अरुंद, तिकडचे रुंद. तो रेल्वेचा दोष. पृथ्वीचा नाही."

पाहुण्यांनी आपलंही बोट काढलं आणि आतोबांच्या बोटाशेजारी ठेवलं. पुष्कळ वेळ ठेवलं. मग पहिला घास घेतला. "खरंच की," ते म्हणाले. "अक्काला कुनी ह्ये दावलंच न्हवतं." आणि आतेला म्हणाले, "बाई, आनि जरा भात वाढा."

दुसऱ्या दिवशी होकार देऊन ते गेले. मी बैठक झाडत असताना नकाशाची गुंडाळी आतोबांच्या पलंगाखाली सापडली, आणि तो कुणी नि कशासाठी उतरवला ते कळलं. मी ती आहे तिथंच सरकवून ठेवली. गोलावर मात्र सह्याद्रीपासून अरवलीपर्यंत हळदीचा पिवळा डाग पडला होता, तो आतेनं ओल्या फडक्यानं पुसायला घेतला तेव्हा आतोबा ओरडले, "राहू दे!"

पुढं काही दिवस ते दवाखान्यात, कचेरीत, भेटेल त्याला सांगत होते, "त्या माणसानं मला होऊन विचारलं." सिव्हिल लाइन्समधल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर आम्हा मराठी मंडळींचा गणपती बसे, तिथं आरतीच्या मध्येसुद्धा त्यांनी हे सांगितलं.

लग्न होऊन बायको घरात आली. पहिल्याच पंक्तीला भाताच्या वेळी डावा हात वर आला. तिचं शिक्षण माझ्याहून कमी. 

"सूनबाई, तुझं माहेर कुठं आलं?"

ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, आणि गोलावरच्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं. "हितं. आनि ह्ये घर बी हितंच. आमच्या वडलांनी सांगितलंय."

आतोबांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. "बरोबर. तूप जास्त वाढ तिला."

यानंतर दोन-तीन वर्षांनी सासरे आजारी असल्याची तार आली. बायको तार हातात धरून बसली, नुसती गोलाकडं बघत राहिली. मी कचेरीत आतोबांकडं धावलो. वेळापत्रकाला हात न लावता त्यांनी कुठली गाडी कुठं गाठायची ते घडाघड सांगितलं, आणि मग टोपी घालून माझ्याबरोबर निघालेच. "सवाई माधोपूरला गाडी बदलताना चुकामूक होते. मी येतो."

"आतोबा, तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते जवळ आहे असं मी सांगितलंय," ते म्हणाले. "आता ते जवळ असलंच पाहिजे."

सवाई माधोपूरच्या फलाटावर ते आमची वळकटी उचलून धावले. आम्हाला डब्यात ढकललं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले. आम्ही पोचलो तेव्हा सासरे उशाला टेकून बसले होते. लेकीला बघून त्यांनी हात पुढं केला. "आलीस? मंजी जवळच हाय की गं." त्यानंतर काही दिवस ते होते, आणि ती त्यांच्यापाशी होती. इकडं आतोबा परतीच्या गाडीत बसून जयपूर मागं टाकत फुलेऱ्याला उतरल्याचं आतेनं नंतर सांगितलं.

आता आते-आतोबा कऱ्हाडला राहायला गेले, कायमचे. जाताना गोल आमच्याकडं ठेवला. त्यावरचे देश पुन्हा जुने झालेत, कुंचला घेऊन बसायला कुणी नाही. माझी पोरं शाळेत हिंदीतून भूगोल शिकतात आणि कुणी विचारलं तर स्वतःला बम्बईचे म्हणवतात. दवाखान्यातून घरी येतो, पानावर बसतो, पोळ्या होतात, आणि भाताचं पातेलं आलं की अजून माझा हात आपोआप थांबतो. बायकोलाही ते ठाऊक आहे. ती पळी हातात धरून क्षणभर तशीच उभी राहते. कुणी काही विचारत नाही. मग ती भात वाढते.